एक गुंठा जागा, दहा फुटी बोळ: गुंठेवारी समजून घेताना

पुण्यातल्या धायरीच्या मामांचा फोन आला, तेव्हा पेपर त्यांच्या हातातच होता. "आपलं घर आता कायदेशीर झालं म्हणायचं का रे?" बातमी तुकडेबंदीची होती. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात शहरी भागात झालेले जमिनीच्या छोट्या तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचं ठरवलं. सरकारच्याच सांगण्यानुसार जवळपास 50 लाख कुटुंबांना त्याचा फायदा होणार आहे. मी म्हटलं, "मामा, रविवारी येतो. सगळे कागद काढून ठेवा."

तुमच्या घरात, नात्यात, ऑफिसात असं एखादं घर असणारच. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सांगली, नाशिक, कुठेही बघा. म्हणून हा विषय पहिल्यापासून सांगतो.

गुंठा आणि गुंठेवारी

33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे मिळून एक एकर होतो.

शहराच्या कडेला शेत असतं. शेतकरी किंवा त्याच्याकडून जमीन घेणारा एजंट त्या शेतात चुन्याची फक्की मारून एकेक, दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडतो आणि विकतो. लेआउट मंजूर नसतो, बिनशेती परवानगी नसते. घेणारा त्यावर जमेल तसं, जमेल तेव्हा घर बांधतो. अशा वस्तीला गुंठेवारी म्हणतात.

झोपडपट्टी वेगळी, गुंठेवारी वेगळी. झोपडपट्टीत जमीन बहुतेक वेळा राहणाऱ्याची नसतेच. गुंठेवारीत माणसाने जमिनीचे पैसे मोजलेले असतात. मामांनी 1998 मध्ये पीएफ काढला, मामींचं गंठण मोडलं आणि उरलेली रक्कम एजंटला दरमहा हप्त्याने फेडली. त्यांना कुणी "अतिक्रमणवाले" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

तुकडे पाडायला बंदी का होती?

बापाची चार एकर जमीन चार मुलांत वाटली, पुढे नातवंडांत वाटली, की शेवटी औतही फिरणार नाही एवढी पट्टी हातात उरते. ते थांबवायला 1947 मध्ये कायदा आला. त्यालाच आपण तुकडेबंदी म्हणतो. ठरलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचा नाही, एवढंच त्याचं सार. या किमान क्षेत्राला प्रमाणभूत क्षेत्र म्हणतात. 2023 पासून राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ते बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे आहे.

शेती वाचवण्यासाठी हा कायदा ठीकच होता. पण शहर जवळ आलं की त्याच शेताचं गिऱ्हाईक बदलतं. 10 गुंठे परवडणारा शेतकरी येत नाही, एक गुंठा मागणारा रिक्षावाला येतो. कायदा शेताचा आणि मागणी घराची, अशी ही गाठ पडली आणि लोकांनी तिच्यातून पळवाटा काढल्या.

पहिली वाट नोटरीची. एकट्या गुंठ्याचं खरेदीखत रजिस्टर होत नव्हतं, म्हणून साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) नोटरीकडे करायचं आणि ताबा घ्यायचा. मामांनी हेच केलं. दुसरी वाट सामाईक खरेदीची. मामांच्या शेजारच्या गल्लीतल्या अकरा जणांनी मिळून 11 गुंठे एका खरेदीखताने घेतले. हे म्हणजे अकरा जणांनी मिळून भाताचं पातेलं विकत घेण्यासारखं आहे. प्रत्येकाला किती भात ते कागदावर आहे, पण पातेल्यातली कुठली बाजू कुणाची ते कुठेच लिहिलेलं नाही. अकरा जणांचं जमतं आहे तोवर काही अडत नाही. एकाला कर्ज काढायचं झालं, एकाला घर विकायचं झालं किंवा एक वारला आणि त्याची मुलं भांडायला लागली, की पातेलं सगळ्यांचंच अडकतं.

लोक असल्या जागा घेतातच का?

"फसतात बिचारे" असं उत्तर नेहमी ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. मामा सोलापूर जिल्ह्यातून आले आणि एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागले. पगाराची स्लिप नव्हती, म्हणून बँकेचं गृहकर्ज नव्हतं. फ्लॅट घेणं सोडाच, चौकशी करायला बिल्डरच्या ऑफिसची पायरी चढायचीही त्यांची हिंमत झाली नसती. एजंटने मात्र हप्ते दिले, उधारीवर थांबायची तयारी दाखवली. त्यांच्या उत्पन्नात बसणारी दुसरी जागा त्या काळी पुण्यात कुणी विकतच नव्हतं.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा. एक एकरवाल्याला रीतसर लेआउट करायचा तर मोजणी, बिनशेती, नकाशे, रस्ते, वर्षा-दोन वर्षांच्या चकरा. त्यात जमिनीवर कधी कुठलं आरक्षण पडेल याची धास्ती. 1976 चा कमाल नागरी जमीनधारणा कायदा पुण्यात शहरी मोकळ्या जमिनीला साधारण 1000 चौरस मीटरची, म्हणजे जेमतेम 10 गुंठ्यांची मर्यादा घालत होता. महाराष्ट्रात तो 2007 मध्ये रद्द झाला. तोवर "सरकारने घेण्याआधी विकून मोकळं व्हावं" हा विचार कितीतरी घरांत झाला.

आणि नियोजन? ते कायम मागून येत राहिलं. 1997 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या गावांपैकी 23 गावांचा विकास आराखडा मंजूर व्हायलाच दशक उलटलं. त्यातल्या टेकड्यांवरच्या 978 हेक्टर जैवविविधता उद्यानाचा निर्णय तर 2015 पर्यंत लांबला. पुढे 2017 मध्ये आणखी 11 गावं आली, त्यांतच धायरीचा उरलेला भागही आला. 2021 मध्ये आणखी 23 गावं आली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठी झाली. 2001 मध्ये 25 लाखांच्या आसपास असलेलं शहर 2011 मध्ये 31 लाखांवर गेलं. माणसं आराखड्याची वाट बघत थांबत नाहीत. त्यांना या महिन्यात भाड्याच्या खोलीतून बाहेर पडायचं असतं.

एका एकराचा हिशेब

आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. कागद-पेन घेतलंत तर बरं.

एक एकर, म्हणजे 40 गुंठे. रीतसर लेआउट केला तर साधारण दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, ते 4 गुंठे गेले. आतले रस्ते साधारण नऊ मीटरचे, म्हणजे तीस फुटी. त्यात ढोबळमानाने 8-9 गुंठे जातात. विकायला उरले 27 च्या आसपास. गुंठेवारीत मोकळी जागा सोडतच नाहीत आणि दहा फुटी दोन-तीन बोळ काढतात. विकायला 36 गुंठे मिळतात.

हा 9 गुंठ्यांचा फरक हीच गुंठेवारीची सगळी कमाई. समजा गुंठ्याला 10 लाख भाव आहे, तर एका एकरात 90 लाख जास्त सुटले. ते 9 गुंठे म्हणजे काय होतं? मुलांचं खेळायचं मैदान होतं, ड्रेनेजची लाइन टाकायची जागा होती, अ‍ॅम्ब्युलन्स वळायची जागा होती. जी जमीन कुणा एकाची नसते आणि सगळ्यांच्या उपयोगी पडते, तीच विकली गेली. प्लॉट स्वस्त वाटला तो याच कारणाने.

मामांच्या बोळात मी टेप धरून मोजलं. कागदावर दहा फूट, प्रत्यक्षात सव्वाआठ. कुणी पायरी पुढे घेतली, कुणी पहिल्या मजल्याची गॅलरी बोळावर काढली, विजेचा खांब एका बाजूला आलाय. आगीचा मोठा बंब साधारण आठ फूट रुंद असतो. बोळाच्या तोंडाशी दोन स्कूटर लावलेल्या होत्या. पाण्याचा टँकर आत येत नाही, म्हणून मामींनी शंभर फुटी पाइप घेऊन ठेवलाय. टँकरचा हॉर्न वाजला की त्या पाइप खांद्यावर टाकून कोपऱ्यापर्यंत जातात. त्या आता 61 वर्षांच्या आहेत.

उद्या हा बोळ तीस फुटी करायचा ठरवलं, तर दोन्ही बाजूंच्या घरांचे दहा-दहा फूट पाडावे लागतील. 33 फुटांच्या प्लॉटमधले दहा. म्हणजे स्वयंपाकघर तरी जाणार किंवा जिना तरी. सुरुवातीला चुन्याची रेघ थोडी सरकवून जे झालं असतं, त्याला आता तीस-चाळीस संसार हलवावे लागतात.

"खरेदीखत असलं की मालक झालो ना?"

सामाईक खरेदीवाले हा प्रश्न हमखास विचारतात. रजिस्टर ऑफिसात दस्त नोंदवला जातो. "अमक्याने तमक्याला असं लिहून दिलं" याची ती पक्की नोंद. लिहून देणाऱ्याला तो हक्क होता का, याची हमी नोंदणीतून मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव लागणं हीसुद्धा महसुली नोंद. न्यायालयं तिला वजन देतात, पण नुसत्या तिच्यावर मालकी सिद्ध होत नाही.

नोटरीचं तर त्याहून कच्चं. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं की कुलमुखत्यारपत्र आणि साठेखतावर जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. मामांच्या गटाच्या सातबाऱ्यावर आजही मूळ शेतकऱ्याच्या वारसांची नावं आहेत.

"घरपट्टी भरतो, मीटर आहे, मग बेकायदा कसं?"

मामांच्या कॅरीबॅगमध्ये घरपट्टीच्या पावत्या वर्षवार लावलेल्या होत्या. सगळ्यांत वर ठेवलेल्या. त्यांना तो सर्वांत मोठा पुरावा वाटतो. पण घरपट्टी हा इमारतीवरचा कर आहे. इमारत उभी आहे म्हणून तो आकारतात, आणि कर घेतला म्हणून बांधकामाला परवानगी मिळाली असं होत नाही. उलट अनधिकृत बांधकामावर कराशिवाय शास्तीही, म्हणजे दंडही, लावायची तरतूद कायद्यात आहे. पिंपरी-चिंचवडकरांनी हा शास्तीकर वर्षानुवर्षं सोसला आणि 2023 मध्ये तो माफ झाला. शास्ती माफ झाली म्हणून घरं आपोआप अधिकृत झाली नाहीत.

गाडीचं उदाहरण घ्या. आरसी बुक तुमच्या नावावर आहे, म्हणून लायसन्स नसताना गाडी चालवता येत नाही. लायसन्स आहे म्हणून विमा नसला तरी चालेल असंही नाही. जमिनीचंही तसंच आहे. जमिनीचा व्यवहार, जमिनीचा वापर आणि वरचं बांधकाम, ही तिन्ही खाती वेगळी.

आता मामांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. 2025 चा निर्णय पहिल्या खात्याचा आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांत "तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार" असा शेरा असेल, तर तो निघायची वाट मोकळी झाली. नोटरीवाल्यांना मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवायची संधी मिळाली. ही छोटी गोष्ट नाही. पण दस्त नोंदवायचा तर लिहून देणारा लागतो. मामांना जागा देणारे शेतकरी वारले. लिहून देणारा गेला की त्याचं कुलमुखत्यारपत्रही सहसा संपतं. आता त्यांची तीन मुलं, दोन लग्न झालेल्या मुली, सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि आजचा भाव बघून त्यातल्या प्रत्येकाला वाटणार की सही फुकट का द्यायची. मामांना मी सांगितलं, आधी त्या पाच जणांचे पत्ते काढू.

"दंड घ्या आणि एकदाचं सगळं नियमित करा"

तिसऱ्या खात्यासाठी, म्हणजे बांधकामासाठी, वेगळा कायदा आहे: 2001 चा गुंठेवारी कायदा. सुरुवातीला 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या प्लॉटनाच तो लागू होता. 2021 मध्ये मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 केली. अर्ज करायचा, नकाशा द्यायचा, प्रशमन शुल्क म्हणजे तडजोडीचा दंड आणि विकास शुल्क भरायचं, मग प्रमाणपत्र मिळतं. आरक्षणातल्या, नदीच्या पूररेषेतल्या, सरकारी जमिनीवरच्या घरांना ही सवलत मिळत नाही. बाकीच्यांची अडचण अशी की 1089 चौरस फुटांत भिंतीला भिंत लावून तीन मजले चढवलेत, त्यात नियमाचं सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, कुठून आणायची?

मी नियमित करण्याच्या विरोधात नाही. तीस वर्षं राहणाऱ्या माणसाला आपल्या घरावर कर्ज काढता यावं, ते निर्धास्तपणे मुलाच्या नावावर करता यावं, हे त्याचं हक्काचं मागणं आहे. मला काळजी वाटते ती तारखेची. 2001 ची तारीख 2020 झाली. "पुढे नियमित होतंच" हे वाक्य एजंट आता प्लॉट दाखवतानाच म्हणतो. जुन्यांना दिलासा देताना नव्यांचा दरवाजा बंद केला नाही, तर प्रत्येक सवलत पुढच्या प्लॉटिंगची जाहिरात ठरते.

प्रमाणपत्राने काय बदलत नाही?

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा कोपला. कात्रजच्या बाजूने आलेलं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी करत घराघरांत घुसलं. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. पाऊस प्रचंड झाला होता, हे खरंच. पण ओढ्याची रुंदी वर्षानुवर्षं खाल्ली गेली होती, हेही तितकंच खरं. दोष नुसत्या गुंठेवारीचा म्हणणं अन्याय होईल. ओढ्याकाठी मंजूर नकाशांच्या सोसायट्याही आहेत आणि त्यांच्या संरक्षक भिंतीही. पाण्याला कुणाचे कागद बघायचे नव्हते.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या भागात गुइयां-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, हातापायांतली ताकद जाते. तपासात काही रुग्णांमध्ये दूषित पाण्या-अन्नातून येणारे जंतू सापडले. यातली काही गावं 2021 मध्येच शहरात आली होती. तिथे विहिरीचं पाणी जलशुद्धीकरण केंद्राशिवाय, नुसतं क्लोरिन टाकून पुरवलं जात होतं. त्या महिन्यात मामींनी पाणी उकळायला दुसरा सिलिंडर लावला. माणसं आधी, पाइप नंतर, हा क्रम काय करतो ते त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराने तेव्हा पाहिलं.

"मग गरिबाने शहरात राहूच नये का?"

राहावं, आणि एका गुंठ्यातच राहावं. गुंठा लहान आहे ही अडचण नाहीच. मुंबईत चारकोप आणि गोराईला 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने छोटे प्लॉट दिले गेले. त्यातले बरेच 25 ते 40 चौरस मीटरचे, म्हणजे गुंठ्याच्या निम्म्याहूनही लहान. पण आधी रस्ते आखले, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन टाकली, मोकळे चौक ठेवले, आणि मग प्लॉट दिले. घरं लोकांनी आपापल्या ऐपतीने बांधली, पुढे मजले चढवले. लाइन मात्र आधीपासून जमिनीत होती.

दुसरी वाट नगररचना योजनेची, जिला टीपी स्कीम म्हणतात. शिंप्याकडे वेडेवाकडे कापलेले कापडाचे तुकडे आले तर तो ते एकत्र पसरून पुन्हा बेततो, तसंच हे. सगळ्या शेतकऱ्यांची जमीन एकत्र घ्यायची, त्यातून रस्ते, बागा, शाळेची जागा काढायची, आणि प्रत्येकाला थोडी लहान पण चौकोनी, रस्त्याला लागून असलेली जमीन परत द्यायची. जमीन कमी होते, किंमत वाढते. आपल्याकडे याचा कायदा 1915 सालीच आला. अहमदाबादने शहरच्या शहर या पद्धतीने वाढवलं. आपण मध्ये बरीच दशकं ही रीत जवळजवळ विसरलो. मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन एकत्र आणून वसाहत उभी केली, तीही याच पुण्यात. शेतकऱ्याला जमवून घेता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती बघावी. अर्थात तिथली घरं मामांच्या खिशात बसणारी नाहीत. चारकोपचं माप आणि मगरपट्ट्याची एकी एकत्र आणायचं काम अजून व्हायचंय, आणि ते खाजगी बिल्डर आपणहून करणार नाही. ते महापालिकेने आणि पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने), गावं शहरात यायच्या आधी करायचं काम आहे.

त्या रविवारी निघताना मामेभाऊ म्हणाला, "दादा, मला पण एक प्लॉट बघायचाय, चल ना." रिंगरोडच्या अलीकडे, गावाबाहेर एका शेतात गेलो. ज्वारीची धसकटं अजून जमिनीत होती. त्यावर ताजी फक्की मारलेली, कोपऱ्यांना लाल झेंडे. एजंटने मोबाइलवर रंगीत लेआउट दाखवला, त्यात झाडं आणि मंदिरही होतं. मी मंजुरीचा नंबर विचारला. तो म्हणाला, प्रोसेसमध्ये आहे. मी रस्त्याच्या दोन रेघांमध्ये पावलं टाकली. चार पावलंही मावली नाहीत.

मामेभावाने टोकन द्यायला आणलेले पैसे खिशातच ठेवले. परत येताना तो गाडीत बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "दादा, तीस फुटी रस्त्यावर एक गुंठा कोण विकतं रे?" माझ्याकडे त्याला द्यायला पत्ता नव्हता.